बायबल प्रतीकांतून वाचणं: विहिरीवरची शोमरोनी बाई आणि बाकी बरंच काही

सांजवेळ

नमस्कार मंडळी. बायबलमधल्या गोष्टी प्रतीक म्हणून वाचायची जी पद्धत आहे तिच्याबद्दल लिहायचं केव्हापासून मनात होतं. मागे एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की ही सगळी अमेरिकेतल्या न्यू थॉटवाल्यांनी (विचार बदलले की आयुष्य आणि आजारही बदलतात असं मानणारी चळवळ) काढलेली टूम आहे, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची, आणि मूळ ख्रिस्ती परंपरेशी तिचं काही देणंघेणं नाही. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

पहिली गोष्ट म्हणजे पौलानेच, ज्याची पत्रं नव्या करारात आहेत त्या प्रेषिताने, हे केलंय. गलतीकरांस पत्राचा चौथा अध्याय काढून बघा. अब्राहामाच्या घरातल्या हागार आणि सारा, एक दासी आणि एक स्वतंत्र बाई, त्यांची दोन मुलं, ही उत्पत्तीतली सरळ घरगुती भांडणाची गोष्ट, आणि पौल म्हणतो की ह्या दोघी म्हणजे दोन करार आहेत, एक सीनाय पर्वतावरचा आणि एक वरच्या यरुशलेमेचा. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात दहाव्या अध्यायात तो म्हणतो की रानात इस्राएल लोकांना ज्या खडकातून पाणी मिळालं तो खडक ख्रिस्त होता. म्हणजे नव्या कराराच्या आतच जुना करार असा वाचला गेलाय.

त्याच काळात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात फिलो नावाचा यहुदी तत्त्वज्ञ होता. देव अब्राहामाला सांगतो ना, तुझा देश सोड, नातलग सोड, बापाचं घर सोड, तर फिलो म्हणतो देश म्हणजे शरीर, नातलग म्हणजे इंद्रियं आणि बापाचं घर म्हणजे वाणी, आणि ह्या तिन्हींच्या ताब्यातून जीव बाहेर निघतो तेव्हा खरा प्रवास सुरू होतो. मग त्याच शहरात पुढे ओरिगेन आला (इ. स. १८५ च्या आसपासचा जन्म). त्याने तर पद्धतच बांधून दिली: माणसाला जसं शरीर, जीव आणि आत्मा तसं शास्त्रालाही. तो विचारतो की सूर्यच नव्हता तर पहिल्या तीन दिवसांत सकाळ-संध्याकाळ कशी झाली, आणि देवाने शेतकऱ्यासारखी बाग लावली हे कोण अक्षरशः मानेल? त्याचं म्हणणं असं की मजकुरात अशा अडणाऱ्या जागा मुद्दाम ठेवल्यात, वाचणाऱ्याने ठेचकाळून थांबावं आणि आत बघावं म्हणून. पण एक गोष्ट लोक सोडून देतात, तोच ओरिगेन त्याच ग्रंथात पुढे म्हणतो की खरोखर घडलेल्या गोष्टी ह्या निव्वळ आत्मिक अर्थाच्या जागांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मध्ये बरंच आहे, सगळं लिहीत नाही. पाचव्या शतकात जॉन कॅसियन नावाच्या साधूने यरुशलेम ह्या एका नावाचे चार अर्थ सांगितले: यहुद्यांचं शहर, ख्रिस्ताची मंडळी, माणसाचा आत्मा आणि स्वर्गातलं नगर. हे चार अर्थ पुढे सगळं मध्ययुग वापरत होतं. अठराव्या शतकात स्वीडनबोर्ग ह्या स्वीडिश विचारवंताने आठ मोठे लॅटिन खंड लिहिले, १७४९ ते १७५६, त्यात फक्त उत्पत्ती आणि निर्गम, एकेक शब्द घेऊन. आणि मग येतात चार्ल्स आणि मर्टल फिलमोर, कॅन्सस सिटी, १८८९, युनिटी चळवळ. १९३१ साली त्यांच्याकडून बायबलमधल्या नावांचा एक कोशच निघाला, त्यात माणसं, गावं, डोंगर, नद्या सगळ्यांचा अर्थ मनाच्या अवस्था म्हणून दिलाय. आज आपण ज्याला ख्रिस्ती मेटाफिजिक्स म्हणतो ते बहुतेक वेळा हेच असतं. तर टूम वगैरे काही नाही, फार लांबून आलेली वाट आहे ही, फक्त फिलमोरांकडे येईपर्यंत तिने मोठं वळण घेतलंय. जुन्यांसाठी सगळी प्रतीकं शेवटी ख्रिस्ताकडे आणि मंडळीकडे बोट दाखवायची, इथे ती माझ्याच जाणिवेकडे दाखवतात.

आता एक उतारा घेऊन बघू, नाहीतर हे सगळं हवेतच राहील. योहान, अध्याय चार. येशू शोमरोनातून चाललाय, दमलाय, याकोबाच्या विहिरीपाशी बसतो, दुपारची वेळ. एक शोमरोनी बाई (शोमरोनी म्हणजे यहुदी ज्यांना परके मानायचे ते शेजारचे लोक) पाणी भरायला येते. तो म्हणतो मला प्यायला दे. ती म्हणते तुम्ही यहुदी, मी शोमरोनी, बाई, माझ्याकडे पाणी मागता? मग जिवंत पाण्याचं बोलणं होतं. ती म्हणते महाराज, पोहरा तुमच्याकडे नाही, विहीर खोल आहे. मग तो एकदम म्हणतो जा, नवऱ्याला बोलाव. ती म्हणते मला नवरा नाही. तो म्हणतो खरं बोललीस, पाच झाले, आणि आता आहे तो तुझा नवरा नाही.

हे पाच नवरे म्हणजे पाच इंद्रियं, असं वाचन तिसऱ्या शतकात ओरिगेनकडे आहे आणि पाचव्याच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन ह्याच्याकडे पण आहे. ऑगस्टीन आणखी पुढे जातो: विहिरीतलं पाणी म्हणजे अंधाऱ्या खोलातलं जगाचं सुख, घागर म्हणजे ते सुख उपसायची हाव, आणि नवऱ्याला बोलाव म्हणजे तुझ्या समजेला इथे घेऊन ये, आत्तापर्यंत इंद्रियं घर चालवत होती आता घरधनी येऊ दे. आणि शेवटी ती बाई घागर तिथेच टाकून गावात पळते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा घागरीपाशी कितीतरी वेळ थांबले, कारण मजकुरात ती घागर उगाच आलेली वाटत नाही, योहानाने ती खास नोंदवलीये. आणि अजून एक बघा, येशूने पाणी मागितलं खरं पण तो ते प्याला असं कुठेच लिहिलेलं नाही.

मला ह्या पद्धतीने फार दिलंय, आणि तिच्यात जे धोके आहेत तेही मला महत्त्वाचे वाटतात. तुम्ही कसं वाचता ते लिहा. मतभेद असले तरी मोकळेपणाने लिहा.

---

कोरा_कागद

चांगला विषय आहे, सविस्तर लिहिलंय त्याबद्दल धन्यवाद. पण माझा विरोध आहे आणि तो जुना आहे, माझा नाही, अंत्युखिया ह्या सिरियातल्या शहराच्या परंपरेतल्या मंडळींचा आहे. चौथ्या शतकात तार्सचा दियोदोर, मोप्सुएस्तियाचा थिओडोर ही मंडळी अलेक्झांड्रियावाल्यांना हेच विचारत होती की गोष्ट घडलीच नाही असं धरलं तर मग उरलं काय? ते काही कोरडे लोक नव्हते, वरचा अर्थ त्यांनाही हवा होता, पण तो घडलेल्या गोष्टीतून वर चढलेला हवा होता, गोष्टीवर बाहेरून चिकटवलेला नको.

ऑगस्टीनचंच उदाहरण देतो. चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत, लूक दहा. लुटारूंनी मारून टाकलेल्या वाटसरूला याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) टाळून जातात, आणि परका शोमरोनी त्याला उतारशाळेत नेऊन वाचवतो. वाटसरू म्हणजे आदाम, यरुशलेम म्हणजे स्वर्गनगर, यरीहो म्हणजे चंद्र म्हणजे मर्त्यपणा, लुटारू म्हणजे सैतान, याजक आणि लेवी म्हणजे जुना करार, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे चर्च, आणि उतारशाळेचा मालक म्हणजे पौल! सुंदर आहे हो, प्रत्येक वस्तू जागेवर बसते. पण मुळात प्रश्न काय होता, तर माझा शेजारी कोण? आणि येशूने उत्तर काय दिलं, तू जाऊन तसंच कर. ऑगस्टीनच्या वाचनात वाटसरू मीच झालो, मला वाचवून झालं, आता रस्त्यावर जो खरा पडलाय त्याचं काय? त्याच्यासाठी जागाच उरली नाही. आणि याजक-लेवींना जुना करार करून टाकलं की त्यातून यहुदी लोकांबद्दल काय काय मनात भरवलं गेलं शेकडो वर्षं, तो हिशोब पण ह्याच पद्धतीच्या नावावर लावायला पाहिजे.

पाच नवऱ्यांचंही तसंच. दुसरं राजे, अध्याय सतरा वाचा. अश्शूरच्या राजाने शोमरोनात बाबेल, कूथा, अव्वा, हमाथ आणि सफरवाईम इथून लोक आणून वसवले आणि ते आपापले देव घेऊन आले. पाच गावं. देव मोजले तर सात भरतात, ते खरं, पण पाच लोकांचा इतिहास त्या प्रदेशाच्या अंगावर होताच. म्हणजे पाच हा आकडा शोमरोनाच्या इतिहासाकडे बोट दाखवत असेल, आणि बरेच अभ्यासक तसं मानतातही. मग इंद्रियं कुठून आली? वाचणाऱ्याच्या डोक्यातून. आणि मग कशातूनही काहीही काढता येतं.

---

सांजवेळ

@कोरा_कागद, काहीही काढता येतं ही भीती खरी आहे, पण ह्या परंपरेनेच तिच्यावर लगाम घातलेत आणि ते मला फार महत्त्वाचे वाटतात. त्याच ऑगस्टीनने शास्त्र कसं वाचावं ह्यावर पुस्तक लिहिलं त्यात नियम दिलाय की ज्या अर्थाने देवावरचं आणि शेजाऱ्यावरचं प्रेम वाढत नाही तो अर्थ समजलेलाच नाही. आणि पुढे तो म्हणतो की कुणी चुकीच्या अर्थाने का होईना प्रेमापर्यंत पोचला तर तो रस्ता सोडून शेतातून मुक्कामाला पोचलेल्या माणसासारखा आहे, पोचला ते बरंच झालं, पण त्याला रस्ता दाखवायला पाहिजेच, नाहीतर आडवाटेची सवय लागून एक दिवस भलतीकडे जाईल.

तेराव्या शतकातला धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस आणखी कडक. तो म्हणतो सगळे आत्मिक अर्थ अक्षरार्थावर उभे असतात, आणि विश्वासाला लागणारी कुठलीही गोष्ट अशी नाही जी फक्त प्रतीकात दडलीये आणि दुसरीकडे कुठे सरळ शब्दांत सांगितलेली नाही. म्हणजे प्रतीकातून नवीन सिद्धांत काढायचा नाही, जे उघड सांगितलंय ते आत मुरवायला प्रतीक वापरायचं. मला हे वाचून खूप मोकळं वाटलं कारण मग पाच म्हणजे इंद्रियं की पाच गावं ह्यावर भांडायचं कारणच राहत नाही. गावं इतिहासात आहेत, ती तिथेच राहू देत. इंद्रियांचं वाचन मला विचारतं की तुझं घर कोण चालवतंय, आणि हा प्रश्न योहानाच्या उताऱ्याला परका नाही, कारण तहान, पाणी, पुन्हा तहान हे त्यात उघडच आहे.

शेजाऱ्याच्या दृष्टांताबाबत तुमचं मान्य. तिथे ज्या वाचनात रस्त्यावरचा माणूस गायब होतो ते ऑगस्टीनच्याच नियमाला उतरत नाही.

---

घोडनदी

वाचतोय. मी ह्या विषयातला अभ्यासक नाही पण ह्या उताऱ्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहितोय.

आमचं घराणं नगर जिल्ह्यातलं, पणजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती, अमेरिकन मराठी मिशनच्या काळातलं. आमच्या आजीला लिहायला यायचं नाही पण योहान चार तिला तोंडपाठ होता, अक्षरशः वाक्य न् वाक्य, आणि ती सांगायची तेव्हा तिच्यासाठी ती विहीर म्हणजे विहीर होती. गावात पाणवठा वेगळा. वरच्या विहिरीवर आपल्या माणसाने जायचं नाही, कुणीतरी वरून ओंजळीत ओतेल तोपर्यंत उभं राहायचं, उन्हात. तिला येशूचं जे वाक्य सगळ्यात जास्त आवडायचं ते जिवंत पाण्याचं नव्हतं, ते होतं मला प्यायला दे. ती म्हणायची, त्याने तिच्या घागरीतलं मागितलं. तिच्या भांड्याला तोंड लावायला तो तयार होता. बास, एवढ्यावर ती थांबायची आणि आमच्याकडे बघायची.

आता मला सांगा, २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर हजारो लोक बाबासाहेबांबरोबर ओंजळभर पाण्यासाठी गेले, ते पाणी प्रतीक होतं की पाणी होतं? दोन्ही होतं. पण आधी ते पाणी होतं. ज्याला नळ उघडला की पाणी मिळतं त्याला विहीर म्हणजे अंतर्मन वाटणं सोपं जातं. माझा प्रतीकाला विरोध नाही पण जिला पाणी नाकारलं गेलंय तिला पण जर मी मनाची अवस्था करून टाकली तर मी पण तिला पाणी नाकारलंच की.

---

पारिजात

@घोडनदी, ह्याच्यापुढे काय लिहायचं. आजींचं ते त्याने तिच्या घागरीतलं मागितलं हे कुठल्याच टीकाग्रंथात मी असं वाचलेलं नाही. मजकूर पण त्यांच्या बाजूने आहे, यहुदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नाहीत हे योहान तिथेच सांगतो.

---

सांजवेळ

@घोडनदी, आजींनी जे सांगितलं ते आता माझ्या वाचनातून कधी जाणार नाही. आणि मला वाटतं प्रतीक जर खरं असेल तर ते इथूनच सुरू व्हायला हवं. म्हणजे बघा, आत बघायचं असेल तर मी आधी हे विचारलं पाहिजे की ह्या गोष्टीत मी बाईच्याच जागी का बसते दर वेळी? शिष्य पण आहेत की गोष्टीत. ते गावात अन्न आणायला गेलेत, परत येतात आणि तो बाईशी बोलतोय हे बघून चकित होतात पण कुणी तोंडाने काही विचारत नाही. ते न बोललेलं चकित होणं माझ्या आत आहे का, मी कुणाच्या भांड्याला तोंड लावायला कचरते, हे पण आतलंच वाचन आहे, आणि खूप जास्त टोचणारं आहे. जे प्रतीक फक्त मला गोंजारतं त्याच्यावर माझा भरवसा नाही.

---

निवांत_मिझुरी

मी गेली बरीच वर्षं मिझुरीत राहते आणि युनिटीच्या प्रार्थनासभांना जाते. माहेर सोलापूरचं, घर हिंदूच, मी पण धर्म बदललेला नाही. इथे फिलमोरांबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही म्हणून त्यांच्या बाजूने लिहिते.

त्यांचं सगळ्यात प्रसिद्ध वाचन म्हणजे बारा प्रेषित, म्हणजे येशूचे बारा शिष्य, म्हणजे माणसातल्या बारा शक्ती. १९३० साली त्यावर पुस्तक आलं. पेत्र म्हणजे श्रद्धा, आंद्रिया म्हणजे बळ, जब्दीचा मुलगा याकोब म्हणजे विवेक, योहान म्हणजे प्रेम, फिलिप्प सामर्थ्य, बर्थलमय कल्पनाशक्ती, थोमा म्हणजे समज (लोक ज्याला संशयी म्हणतात त्याला समज म्हटलंय, हे मला फार आवडतं), मत्तय इच्छाशक्ती, अल्फीचा मुलगा याकोब म्हणजे सुव्यवस्था, शिमोन कनानी उत्साह, तद्दय म्हणजे टाकून देण्याची शक्ती, आणि यहुदा म्हणजे जीवनशक्ती. प्रत्येकाला शरीरात एक जागा पण दिलीये, प्रेमाची हृदयापाशी, सामर्थ्याची जिभेच्या मुळाशी. आपल्याकडच्या माणसाला लगेच चक्रं आठवतात, मला पण आठवली होती.

आता हे ऐकायला कोष्टकासारखं वाटतं, मान्य आहे. पण वापरताना ते तसं राहत नाही. उदाहरण देते. येशू गेथशेमाने बागेत प्रार्थनेला जातो तेव्हा पेत्र, याकोब आणि योहान ह्या तिघांना बरोबर नेतो आणि ते तिघेही झोपून जातात. आता हे श्रद्धा, विवेक आणि प्रेम म्हणून वाचा. ऐन संकटात माझ्यातलं नेमकं हेच तिन्ही झोपतं, आणि त्याने त्यांना तीनदा येऊन उठवलं, हाकलून दिलं नाही. एका वाईट वर्षात ह्या एका वाचनावर मी तगून राहिले. आणि यहुदा बारातला आहे, बाहेरचा नाही, हे पण मला फार खोल वाटतं, जीवनशक्ती अंगात आहे आणि तीच विकली जाऊ शकते.

---

पारिजात

@निवांत_मिझुरी, गेथशेमानेचं वाचन खरंच सुंदर आहे. पण मला ह्या परंपरेतली एक गोष्ट लिहायलाच हवी कारण आमच्या घरात ती होऊन गेलीये.

माझ्या आईला कॅन्सर होता. एका अभ्यासगटातल्या बाई घरी यायच्या, प्रेमानेच यायच्या, पण त्या बायबलमधल्या प्रत्येक रोगाचा अर्थ लावायच्या. लुळेपणा म्हणजे अमुक विचार, रक्तस्राव म्हणजे तमुक विचार, मग आईला विचारायच्या की तुम्ही मनात काय धरून ठेवलंय. शेवटच्या महिन्यांत आई औषधाच्या वेदनेपेक्षा ह्या विचाराने जास्त रडली की माझ्या मनात काहीतरी वाईट आहे म्हणून हे झालं. त्या बाईंवर माझा राग नाही आता, पण त्या वाचनावर आहे.

मला ठाऊक आहे की युनिटीची सुरुवातच बरं होण्यातून झालीये, मर्टल फिलमोर यांना क्षयरोग होता, १८८६ मध्ये एका व्याख्यानात त्यांनी ऐकलं की मी देवाचं लेकरू आहे म्हणून आजार माझ्या वारशात नाही, आणि त्यांना त्यातून उभारी आली, त्या बऱ्या झाल्या. त्यांच्यासाठी ते वाक्य औषध होतं. माझ्या आईसाठी तेच वाक्य उलटं झालं, की आजार आहे म्हणजे मी लेकरू म्हणून कमी पडले.

आणि शास्त्रातच ह्याचं उत्तर आहे ना. योहान नऊ. जन्मांध माणूस बघून शिष्य विचारतात कुणी पाप केलं, ह्याने की ह्याच्या आईबापाने? येशू म्हणतो ह्यानेही नाही आणि ह्याच्या आईबापानेही नाही. प्रश्न विचारायची पद्धतच तो मोडून टाकतो. ईयोबाचं अख्खं पुस्तक ह्याच्यावर आहे, त्याचे मित्र त्याच्या दुःखाचा अर्थ लावत बसतात आणि शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो. दुसऱ्याच्या अंगावरच्या जखमेला प्रतीक करू नका, एवढंच माझं मागणं आहे.

---

निवांत_मिझुरी

@पारिजात, तुमच्या आईंबद्दल वाचून फार वाईट वाटलं. ह्याच्यावर मी काही बचाव करणार नाही. माझ्या इथल्या गटात हा नियम आम्ही उघड बोलून ठेवलाय की अर्थ फक्त स्वतःच्या गोष्टीचा लावायचा, आणि आजारी माणसाकडे गेलं तर त्याच्याबरोबर प्रार्थना करायची आणि जेवणाचा डबा न्यायचा.

---

जुना_वाचक

मी ख्रिस्ती नाही, फक्त वाचक. मला एक शंका आहे. आपल्याकडे नाथांची भारुडं आहेत. विंचू चावला म्हणताना कुणी खरा विंचू शोधत नाही, काम-क्रोधाचा विंचू हे नाथच सांगून टाकतात. मराठी माणसाला रूपक नवीन नाही. मग बायबलच्या बाबतीत एवढा वाद का? सगळं रूपक आहे म्हणून मोकळं व्हायला अडचण काय आहे?

---

सांजवेळ

@जुना_वाचक, छान प्रश्न. मला दिसतो तो फरक असा. भारूड रचतानाच रूपक म्हणून रचलंय, विंचू नव्हताच कधी. येशूचे दृष्टांत पण तसे आहेत, उधळा पुत्र नावाचा कुणी माणूस कुठे राहत होता असं कुणी मानत नाही. पण विहिरीवरची गोष्ट योहान दृष्टांत म्हणून सांगत नाही, तो जागा सांगतो, सूखार गाव, याकोबाने योसेफाला दिलेलं शेत त्याच्याजवळ, वेळ सांगतो, सहावा तास. ती विहीर आजही नाब्लुसजवळ दाखवतात, तिच्यावर ऑर्थोडॉक्स चर्च आहे, आणि पूर्वेकडच्या परंपरेत त्या बाईला फोतिनी नाव देऊन संत मानतात. ख्रिस्ती विश्वासाचा कणाच हा आहे की देव एका ठराविक ठिकाणी, ठराविक काळात, दमणाऱ्या तहानणाऱ्या देहात आला. सगळंच रूपक म्हटलं तर तो देह जातो. म्हणून ख्रिस्ती माणूस प्रतीक वाचताना सारखा मागे वळून बघत असतो की खाली जमीन आहे ना. विंचू नसला तरी भारूड उभं राहतं. विहीर नसेल तर योहान चार उभा राहत नाही, निदान माझ्यासाठी तरी.

---

कोरा_कागद

वरचं आवडलं. मी पण एक जागा देतो जिथे मला माझ्या अक्षरार्थाने अडवलं, अजून सुटलेलं नाही.

स्तोत्र १३७. बाबेलवाल्यांनी यरुशलेम पाडून धरून नेलेल्या लोकांचं हे गाणं. बाबेलच्या नद्यांकाठी आम्ही बसलो आणि रडलो. सुरुवात इतकी कोवळी, आणि शेवटच्या ओळीत बाबेलची तान्ही बाळं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटलंय. ओरिगेन म्हणतो बाबेलची बाळं म्हणजे मनात नुकतेच जन्मलेले वाईट विचार, ते मोठे व्हायच्या आत खडकावर म्हणजे ख्रिस्तावर आपटा. यहोशवाच्या पुस्तकातल्या कनान देश जिंकायच्या लढायांबद्दल पण त्याचं तेच, ही युद्धं आपल्या आतली नसतील तर शांती शिकवायला आलेल्या ख्रिस्ताच्या शिष्यांनी ही पुस्तकं मंडळीत वाचायला दिलीच नसती. ज्यांनी पुढे यहोशवा हातात घेऊन खरी गावं जाळली त्यांनी ओरिगेन वाचला असता तर बरं झालं असतं असं मला वाटतं, एवढं मी त्याच्या बाजूने बोलेन.

पण तरी. त्या ओळीत ज्यांची स्वतःची बाळं मारली गेली त्यांचा आकांत आहे. विचार वगैरे म्हटलं की तो आकांत ऐकू येईनासा होतो. मी सध्या ती ओळ तशीच मोठ्याने वाचतो आणि मग थांबतो. प्रतीक लावत नाही आणि आमेन पण म्हणत नाही.

---

घोडनदी

@कोरा_कागद, बरोबर करताय. काही ओळी रडण्याच्या असतात, त्यांचा अर्थ काय लावायचा.

---

वसईची_चिंच

मी वसईची, कॅथलिक. आमच्याकडे तीन वर्षांचं वाचनांचं चक्र असतं, त्यातल्या अ वर्षी लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) तिसऱ्या रविवारी हाच उतारा वाचतात, अख्खा लांबलचक. बाप्तिस्म्यासाठी तयार होणाऱ्यांसाठी जुन्या काळापासून तो खास मानतात, पाण्यामुळेच. त्यामुळे आम्हाला पाणी म्हणजे बाप्तिस्मा हे प्रतीक लहानपणापासून कानावर असतं.

माझा प्रश्न सरळ आहे, हे घरी करायचं कसं? कोश हातात घेऊन बसलं की मला शब्दकोडं सोडवल्यासारखं होतं आणि प्रार्थना राहूनच जाते.

---

सांजवेळ

@वसईची_चिंच, कोश बाजूला ठेवा, निदान पहिल्यांदा. बाराव्या शतकात गीगो नावाच्या कार्थुसियन (एकांतात राहणाऱ्या संघातल्या) साधूने वाचनाची शिडी सांगितलीये, चार पायऱ्या, वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवासमोर असणं. मी ती अशी वापरते. उतारा एकदा मोठ्याने वाचायचा, पूर्ण, माणसं आणि जागा नीट डोळ्यांसमोर येईपर्यंत, ऊन किती आहे, विहिरीचा काठ कसा आहे, कोण उभं आहे कोण बसलंय. इथे घाई करायची नाही कारण घोडनदींच्या आजी म्हणतात ते सगळं इथेच हाती लागतं. मग दुसऱ्यांदा वाचताना जिथे अडकायला होईल तिथे थांबायचं. एखादा शब्द, एखादी वस्तू. अर्थ शोधायचा नाही लगेच, ती वस्तू घेऊन दिवसभर वावरायचं. संध्याकाळी परत वाचायचं आणि मग विचारायचं की हे माझ्यात कुठे आहे. आणि जे सुचेल ते देवाशी बोलून टाकायचं, चांगलं असो वाईट असो. कोशात बघायचं असेल तर हे सगळं झाल्यावर बघा, मग तो उपयोगी पडतो, कधी कधी थक्क करतो.

माझं हल्ली अडणं एका वाक्यापाशी आहे. पोहरा तुमच्याकडे नाही, विहीर खोल आहे. ती किती व्यवहारी बोललीये, आणि मी प्रार्थनेला बसले की देवाला हेच सांगत असते वेगळ्या शब्दांत, की माझ्या अडचणीपर्यंत पोचेल एवढा लांब दोर तुझ्याकडे नाहीये. तो तिच्यावर चिडत नाही. आधी तिचं बोलणं ऐकून घेतो.

---

वसईची_चिंच

धन्यवाद, हे जमेल. आज रात्रीपासूनच बसते. मुलीलाही घेते बरोबर, ती दहावीत आहे, तिला घागरीचं सांगितलं तर तिने लगेच विचारलं की मग घरी पाणी कुणी नेलं?

---

घोडनदी

मुलीला सांगा, आमच्या आजीला पण हाच प्रश्न पडला असता.

---

कोरा_कागद

@सांजवेळ, एक सुचवतो. ह्याच्या आधीचा तिसरा अध्याय पण घ्या. निकदेम, परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला), यहुद्यांचा अधिकारी, मोठा माणूस, रात्री लपून येतो आणि पुन्हा जन्म हे अक्षरशः घेऊन बसतो, आईच्या पोटात परत कसा जाणार म्हणून. आणि लगेच पुढच्या अध्यायात बिननावाची परकी बाई, भर दुपारी, ती पण जिवंत पाणी आधी अक्षरशः घेते, पण ती प्रश्न विचारत विचारत पुढे सरकते. योहानाने ही जोडी मुद्दाम लावली असणार असं माझ्यासारख्या अक्षरार्थवाल्याला पण वाटतं. निकदेमसाठी वेगळा धागा काढलात तर मी एकोणिसाव्या अध्यायातला निकदेम पण घेऊन येतो, जिथे तो गंधरस आणि अगरू घेऊन येशूला पुरायला येतो, कारण त्याच्याशिवाय तिसरा अध्याय अर्धाच राहतो.

---

सांजवेळ

काढते, रविवारपर्यंत. तिसरा आणि एकोणिसावा दोन्ही वाचून या सगळ्यांनी, आणि सातव्या अध्यायात पण तो मध्येच एकदा येऊन जातो, ती ओळ चुकवू नका.